मागच्या चाकांची पकड आणि व्हील हॉप: नवशिक्यांसाठी कामाचा क्रम

मागच्या चाकांवर चालणारी ताकदवान गाडी जागेवरून जोरात उचलली की कधी कधी मागून धडधड ऐकू येते, आसनाखाली हादरे बसतात आणि गाडी पुढे झेपावण्याऐवजी तिचा मागचा भाग नाचू लागतो. याला व्हील हॉप म्हणतात. मस्टँग, बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज, जॅग्वार अशा गाड्या आता गोव्यातल्या रस्त्यांवरही दिसतात, आणि जुन्या पद्मिनीत किंवा अँबॅसेडरमध्ये मोठे इंजिन बसवून ती हौसेने जपणारेही आहेत. यांपैकी जे पहिल्यांदाच आपल्या गाडीखाली नीट डोकावणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. व्हील हॉप दिसताच बहुतेक जण महागडे सुटे भाग मागवायला निघतात. माझ्या मते टायरपासून बॉडीपर्यंतच्या साखळीत ढिलाई कुठे आहे ते आधी शोधावे, झिजलेले भाग मूळ स्थितीत आणावेत, आणि त्यानंतरही उपद्रव उरला तरच खिशात हात घालावा.

चाक उड्या का मारते

टायरने रस्ता धरून ठेवलेला असतो तेव्हा त्याची पकड जास्त असते आणि तो सरसकट घसरू लागला की ती कमी होते. अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) चाकापर्यंत पोचतो तेव्हा वाटेतली प्रत्येक लवचीक वस्तू थोडी पिळवटते. टायरच्या बाजूच्या भिंतीला सुरकुत्या पडतात, हाफशाफ्टला (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्याला) पीळ बसतो, डिफरन्शियलचे (जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरपेटीचे) नाक वर उचलले जाते आणि सांध्यांतले रबरी बुश दबून सस्पेन्शनचे आर्म (चाकाला धरून ठेवणारे दांडे) जागचे हलतात. पकड सुटताच साठलेला पीळ एकदम मोकळा होतो, चाक उसळते, क्षणभर त्याच्यावरचा भार हलका होतो, मग ते पुन्हा रस्त्यावर आदळून पकड घेते आणि पुन्हा पीळ बसू लागतो. हे चक्र सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा घडते, म्हणूनच आत बसलेल्याला ते वेगवेगळ्या उड्यांसारखे न वाटता सलग थरथरीसारखे वाटते. प्रत्येक आदळण्यात गिअरचे दात, सीव्ही जॉइंट (हाफशाफ्टच्या टोकांचे वळणारे सांधे), हाफशाफ्ट आणि डिफरन्शियलचे माउंट (ते धरणारे टेकू) यांना हातोड्याचा घाव बसल्यासारखा धक्का बसतो, आणि ते तुटतात ते बहुधा याच क्षणी.

पकडीचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा, कारण तो केल्यावर पुढची पुष्कळ कामे आपोआप उलगडतात. समजा, गाडी १,७०० किलोची आहे, तिचे निम्मे वजन मागे आहे, दोन्ही अॅक्सलमधले अंतर २.७ मीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५ मीटर उंचीवर आहे. ही गाडी गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने निघाली तर पुढच्या चाकांवरचा सुमारे १५७ किलो भार मागे सरकतो. कोरड्या चांगल्या डांबरावर घर्षणगुणांक ०.९ धरला, तर मागची दोन्ही चाके मिळून साधारण ९,००० न्यूटन इतकाच जोर रस्त्यावर टाकू शकतात. ओल्या रस्त्यावर तो गुणांक ०.५ वर आला की हाच आकडा ४,६०० न्यूटनच्या आसपास उतरतो. आता दुसरी बाजू पाहू. इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ आणि डिफरन्शियलचे अंतिम गुणोत्तर ३ असेल, तर चाकांवर ४,८०० न्यूटन-मीटर येतात. चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर धरली की हा जोर १४,५०० न्यूटनच्या वर जातो. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यास कोरड्या रस्त्यावरही टायर घसरणारच, आणि पावसात तर एक तृतीयांश जोरही पुरून उरतो. भारतात २०१६ साली आलेल्या मस्टँग जीटीचा टॉर्क ५१५ न्यूटन-मीटर आहे, त्यावरून अंदाज यावा.

निदान: घसरणे वेगळे, उड्या मारणे वेगळे

चाक नुसते घसरत असेल तर इंजिनाचे आवर्तन झपाट्याने वाढते, पण गाडी आतून शांत राहते आणि रस्त्यावर सलग काळा पट्टा उमटतो. व्हील हॉप असेल तर तो पट्टा तुटक असतो, म्हणजे काळा डाग, मोकळी जागा, पुन्हा काळा डाग. खाली उतरून हे डाग नीट पाहावेत. ते एकाच बाजूला तुटक असतील तर दोष बहुधा त्या बाजूच्या शॉक अॅब्सॉर्बरमध्ये (शॉकमध्ये), बुशमध्ये किंवा टायरमध्ये आहे. दोन्ही बाजूंना सारखेच तुटक असतील तर सबफ्रेम (बॉडीखालची, मागचे सस्पेन्शन आणि डिफरन्शियल धरणारी चौकट), डिफरन्शियलचे माउंट किंवा सस्पेन्शनची एकंदर भूमिती यांच्याकडे वळावे.

मागचा भाग किती हलतो हे मोजण्याचा एक स्वस्त उपाय मला फार उपयोगी वाटतो. लहान मुले खेळतात ती मऊ क्ले घ्यावी आणि तिचे सुपारीएवढे गोळे सबफ्रेम व बॉडी यांच्यातल्या फटीत, तसेच डिफरन्शियल व सबफ्रेम यांच्यातल्या फटीत चिकटवावेत. सायलेन्सरजवळच्या गरम जागा टाळाव्यात. मोकळ्या, परवानगी असलेल्या जागेत एकदा जोरात गाडी उचलून परत आल्यावर गोळा किती चेपला ते पाहिले की तो भाग किती सरकला हे मिलिमीटरमध्ये कळते. रबर नंतर आपल्या जागी परत येते, त्यामुळे उभ्या गाडीत नुसत्या डोळ्यांना ही हालचाल दिसत नाही. सोबतच मागचा टो (चाके वरून पाहता आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) फिरवून जुळवणाऱ्या एक्सेंट्रिक बोल्टवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवावी. ती रेघ तुटली असेल तर बोल्ट घसरतो आहे आणि अलाइनमेंट दर वेळी बदलते आहे असे समजावे.

टायर: पहिला खर्च इथेच

ज्याच्याकडे एकाच कामापुरते पैसे आहेत त्याने ते टायरवर खर्च करावेत. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते, त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हौसेच्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे त्यांच्या टायरच्या खाचा खोल असतात, पण रबर मात्र कडक झालेले असते. नखाने दाबून पाहिल्यावर ते दबत नसेल आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसत असतील, तर खोलीकडे न पाहता टायर बदलावा. समुद्राकाठच्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाड्यांच्या बाबतीत हे आवर्जून तपासावे.

टायरवर ट्रेडवेअर नावाचा, तो किती टिकेल हे सुचवणारा आकडाही छापलेला असतो. साधारणपणे ५०० च्या आसपासचा टायर टिकाऊ पण कडक असतो, ३०० च्या आसपासचा रोजच्या ताकदवान गाडीला साजेसा असतो आणि २०० चा किंवा त्याहून कमी आकड्याचा टायर चांगली पकड देतो, मात्र लवकर झिजतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची थेट तुलना करू नये, कारण ते आकडे प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते. उथळ खाचांचे सेमी-स्लिक टायर गोव्यात जून ते सप्टेंबर वापरणे मला सरळ धोक्याचे वाटते. कायद्याने खाचेची किमान खोली १.६ मिलिमीटर असली, तरी इथल्या पावसात ३ मिलिमीटरखाली उतरलेला रुंद टायर पाण्यावर तरंगायला वेळ लावत नाही.

हवेचा दाब नेहमी थंड टायरमध्ये, स्वतःच्या गेजने तपासावा. चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा आकडा हा आरंभबिंदू. बंद जागेत कोरड्या पृष्ठभागावर तो मागे एकदोन पीएसआयने कमी करून पाहता येतो. त्याने टायरचा रस्त्याला लागणारा भाग थोडा वाढतो, पण बाजूची भिंतही मऊ होते आणि काही गाड्यांत व्हील हॉप त्यामुळेच वाढतो. म्हणून एका वेळी एकच पीएसआय बदलावा, फरक वहीत लिहावा, आणि रस्त्यावर परतण्यापूर्वी दाब मूळ आकड्यावर आणावा. पावसाळ्यात दाब कमी करणे चुकीचेच आहे, कारण कमी दाबाचा टायर कमी वेगातच पाण्यावर तरंगतो.

मोठ्या रिमविषयी थोडेच सांगतो. रिम जितके जड, तितके चाक उसळल्यावर शॉकला ते आवरणे कठीण. दिसण्यासाठी दोन इंच मोठे आणि दर चाकामागे तीनचार किलो जड रिम लावणे हा पकडीच्या दृष्टीने तोटाच आहे.

गाडीखाली: बुश आणि शॉक

आता गाडी रॅम्पवर घ्यावी. रॅम्प नसेल तर सपाट काँक्रीटवर जॅकने उचलून चांगल्या स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. अंगणातली तांबडी माती किंवा चिऱ्यांची फरशी स्टँडसाठी योग्य नाही, कारण पावसाने भिजलेल्या मातीत स्टँडचा एक पाय खचू शकतो आणि चिराही ठिसूळ असतो.

हातात टॉर्च आणि लहान पहार घेऊन प्रत्येक आर्म ज्या ठिकाणी जोडलेला आहे तिथे हलकेच रेटा द्यावा. चांगला बुश थोडा दबतो आणि लगेच जागेवर येतो. खराब बुशमध्ये रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलेले दिसते, रेटा दिल्यावर टक्क असा आवाज होतो, आणि द्रव भरलेला बुश फुटला असेल तर त्याखाली काळा ओघळ आलेला असतो. डिफरन्शियलच्या मागच्या माउंटकडे विशेष लक्ष द्यावे, कारण जोरात निघताना सर्वांत जास्त ताण त्याच्यावर येतो. जो मेकॅनिक किमतींची यादी पुढे करण्याआधी पहार हातात घेतो, त्याच्या मतावर मी अधिक विश्वास ठेवतो.

स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे मागची दोन चाके एकमेकांपासून वेगळी वर-खाली होतात, दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. सबफ्रेमचे बुश पहिल्यांदा, डिफरन्शियलचे बुश त्यानंतर आणि आर्मचे बुश शेवटी, असे मी सुचवतो. सबफ्रेमच हलत असेल तर तिला जोडलेले आर्म कितीही घट्ट केले तरी सगळा सांगाडा मिळून हलणार. सगळ्या मस्टँगमध्ये २०१५ च्या मॉडेलपासून मागे स्वतंत्र सस्पेन्शन आले, आणि त्या गाडीतही व्हील हॉपची पहिली शंका सबफ्रेमच्या मऊ बुशवरच घेतली जाते. तिथे पूर्ण बुश काढण्याऐवजी त्यातल्या मोकळ्या जागा भरणारे इन्सर्ट बसवता येतात, जे तुलनेने स्वस्त असतात आणि पुन्हा काढताही येतात.

पॉलियुरेथेनचे बुश रबरापेक्षा कडक असतात, पण सगळीकडे ते बसवणे हा उपाय नव्हे. सबफ्रेमला आणि डिफरन्शियलला ते चालतात, कारण तिथे बुशने हलूच नये अशी अपेक्षा असते. ज्या आर्मला वर-खाली होताना थोडे पिळवटावेही लागते, तिथे कडक पॉलियुरेथेन अडकते, सस्पेन्शन मोकळेपणाने चालत नाही आणि पकड उलट घटते. रोजच्या वापरातल्या गाडीत आर्मला नवे मूळ रबरी बुश आणि सबफ्रेमला इन्सर्ट ही जोडी मला सर्वांत समंजस वाटते. अॅल्युमिनियमचे भरीव बुश फक्त ट्रॅकच्या गाडीत बसवावेत, कारण रस्त्यावर त्यांच्यामुळे डिफरन्शियलचा घरघराट थेट केबिनमध्ये येतो.

बसवताना एक गोष्ट काही गॅरेजांत सर्रास चुकते. रबरी बुशचा बोल्ट चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळू नये. तसे केल्यास गाडी जमिनीवर टेकताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. बोल्ट हाताने लावावा, गाडीचे वजन चाकांवर येऊ द्यावे, आणि मग टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या गाडीत बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसलेला असणे नेहमीचेच, म्हणून आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि नवे बोल्ट आधीच मागवून घ्यावेत.

शॉक अॅब्सॉर्बरवर तेलाचा ओलसर थर आणि त्यावर चिकटलेली तांबडी धूळ दिसली तर तो संपला असे समजावे. बंपर दाबून गाडी किती वेळा डुलते हे पाहण्याची पद्धत प्रचलित आहे, पण अर्धवट झिजलेला शॉकही त्या परीक्षेत उत्तीर्ण होतो. उसळलेल्या चाकाला आवरण्याचे काम शॉकचेच असल्यामुळे मागचे दोन्ही शॉक नेहमी जोडीने बदलावेत. जुळवता येणारे शॉक असतील तर आधी रिबाउंड (शॉक परत लांबतानाचा रोध) एकेक घर वाढवून पाहावे, आणि खराब रस्त्यावर गाडी उडू लागली की एक घर मागे यावे.

सरळ अॅक्सलच्या गाड्या

पद्मिनी, अँबॅसेडर, बोलेरो यांसारख्या गाड्यांत मागे सलग अॅक्सल आणि पाट्यांचे सस्पेन्शन असते. जोर पडला की अॅक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो आणि पाटा एस अक्षरासारखा वाकतो. तो सरळ होताना चाक उडते. इथे आधी अॅक्सल पाट्यांना आवळणारे यू-बोल्ट घट्ट आहेत का, पाट्यांचा मधला बोल्ट शाबूत आहे का आणि शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) बुश झिजलेले नाहीत ना, हे पाहावे. त्यानंतर ट्रॅक्शन बार हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. तो अॅक्सलला फिरण्यापासून अडवतो.

सलग अॅक्सल कॉइल स्प्रिंग आणि लिंकवर असेल आणि गाडी खाली बसवलेली असेल, तर खालच्या आर्मचा कोन तपासावा. मूळ रचनेत तो कोन असा असतो की जोर पडल्यावर चाक रस्त्यावर दाबले जाते. गाडी खाली केली की आर्मचे मागचे टोक पुढच्या टोकापेक्षा वर जाते, दाब घटतो आणि व्हील हॉप सुरू होतो. अॅक्सलकडचे टोक खाली आणणारे ब्रॅकेट मिळतात, मात्र निव्वळ दिसण्यासाठी गाडी खाली केली असेल तर मूळ स्प्रिंग परत लावणे हा जास्त चांगला इलाज आहे.

अलाइनमेंट, डिफरन्शियल आणि हाफशाफ्ट

बुशचे काम झाल्यावर चारही चाकांचे अलाइनमेंट करणे अपरिहार्य आहे. मागे निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणे) फार असेल तर सरळ जाताना टायरची आतली कडच रस्त्याला लागते. सरळ रेषेतल्या पकडीसाठी एक अंशाच्या आसपासचा कॅम्बर आणि अगदी थोडा टो-इन पुरतो. छापील अहवाल मागून घ्यावा आणि डाव्या-उजव्या बाजूचे आकडे जुळतात का ते पाहावे.

साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देते, त्यामुळे एक चाक ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर गेले की दुसऱ्या चाकाची पकडही वाया जाते. एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्याला जोर देत राहणारे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल ही अडचण बरीच कमी करते. त्याच्या क्लचच्या चकत्या असलेल्या प्रकारात ठरलेल्या दर्जाचे तेल आणि फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण जुळवणारे मिश्रण) न घातल्यास वळणावर कटकट ऐकू येते, म्हणून तेलाच्या बाबतीत काटकसर करू नये. व्हील हॉप शिल्लक असताना हे डिफरन्शियल बसवू नये, कारण मग धक्के दोन्ही हाफशाफ्टना एकाच वेळी बसतात.

दोन्ही हाफशाफ्ट एकाच ताठरपणाचे असले की दोन्ही चाके एकाच लयीत उड्या मारतात, हे कंपन्यांनाही ठाऊक आहे. कॅडिलॅकने २००९ च्या सीटीएस-व्हीमध्ये डाव्या आणि उजव्या हाफशाफ्टचा व्यास मुद्दाम वेगवेगळा ठेवून ही लय मोडली. असे शाफ्ट बाहेरून बसवता येतात, पण तो खर्च सगळ्यात शेवटचा.

चालवताना आणि तपासताना

व्हील हॉप सुरू झाला की त्याच क्षणी अॅक्सिलरेटर सोडावा. थोडा वेळ दाबून धरला तर तो थांबेल अशी आशा धरू नये. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरताच जोर आपोआप कमी करणारी यंत्रणा) चालू ठेवावा, अॅक्सिलरेटर एकदम न दाबता हळूहळू वाढवावा, आणि पावसात निघताना गाडीत सोय असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये निघावे. टायरला सर्वाधिक पकड साधारण १० ते १५ टक्के घसरणीवर मिळते, म्हणजे चाक गाडीपेक्षा जरासेच जास्त फिरत असावे.

रस्त्याचाही विचार हवा. पहिल्या पावसात डांबरावर साठलेले तेल आणि धूळ मिळून निसरडा थर होतो. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यांतल्या रस्त्यांवर ट्रकमधून सांडलेल्या खनिजाचा चिखल असतो. चोर्ला आणि अनमोड घाटांत सावलीच्या वळणांवर शेवाळ धरते, आणि तिथे कोणताही बुश किंवा डिफरन्शियल कामाला येत नाही.

सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी घेणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे, आणि पहाटेच्या मोकळ्या पुलावरही कोणी मासेवाला किंवा दूधवाला दुचाकीवरून येत असतो, हे विसरून चालणार नाही. लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा भरवल्या गेल्या आहेत, कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. गाडी तिथे नेऊन तपासावी. याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, म्हणून इंजिन बदलण्यासारखे मोठे काम हाती घेण्याआधी आरटीओत विचारणा करावी.

काम झाल्यावर सुमारे ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, नेलपॉलिशच्या रेघा पाहाव्यात आणि क्लेची चाचणी त्याच जागी, त्याच दाबाच्या टायरवर पुन्हा घ्यावी, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करता येते. पॉलियुरेथेनचे बुश कुरकुरू लागले तर त्यांना सिलिकॉनवर आधारित ग्रीस लावावे, पेट्रोलियमचे साधे ग्रीस टाळावे. मे महिन्याच्या अखेरीस टायरच्या खाचा मोजाव्यात, बोल्टवरची मिठाची पुटे धुऊन त्यांना गंजरोधक लावावे आणि डिफरन्शियलच्या ब्रीदरची, म्हणजे आतली हवा ये-जा करण्याची, नळी तुंबलेली नाही याची खात्री करून घ्यावी. ती तुंबली असेल तर गरम डिफरन्शियलवर पाणी पडून ते थंड होताना सीलमधून पाणी आत ओढले जाते आणि तेल दुधाळ होते.